एक पैसा

खराडीच्या अकराव्या मजल्यावर मी मुलाखती घेतो.
शेवटचा प्रश्न छापीलच असतो :
हे काम तुम्हाला का करावंसं वाटतं?
मुलं पाठ केलेलं बोलतात. मी पाचापैकी चार देतो
आणि मला आठवतात खळदकर बाई.

गुलटेकडी. टायरच्या दुकानावरची खोली.
खाली मार्केट यार्डाचे ट्रक मागे येताना किंचाळायचे,
कांद्याचा वास कीबोर्डच्या फटींत जाऊन बसलेला.
आमचं एकच मोठं गिऱ्हाईक, हमालांची पतसंस्था,
आणि त्या मार्चला ताळेबंदात
एक पैसा कमी.

धनावडे साहेब म्हणाले, माझ्या खिशातून घ्या रुपया,
सुट्टे परत नकोत.
बाई हसल्या. मांडीवर डबा उघडला, घेवड्याची भाजी,
आणि स्क्रीनकडे बघत जेवल्या.
त्यांना पैसा नकोच होता,
तो गेला कुठून ती वाट हवी होती.
एक जातो तिथून लाखही जातो, म्हणाल्या,
भोकाला थोडंच मोजता येतं?

अकरा दिवस.
मी बावीसचा. भराभर टाइप करायचो,
त्यालाच हुशारी समजायचो.
पहिल्याच सकाळी तीन कारणं सांगितली,
तिन्ही ठामपणे, तिन्ही चुकीची.
त्यांनी एकेक तपासलं, वहीत लिहिलं, खोडलं,
"हे नाही, एवढं तरी कळलं,"
जणू मी काही दिलंच होतं त्यांना.

त्या टाइप करायच्या कमी. वाचायच्या फार.
सोडून गेलेल्यांचा जुना कोड,
तांदूळ निवडावेत तसा,
खडा आहेच असं धरून.
मध्येच पुटपुटायच्या :
अरे बाबा, तुला इथे म्हणायचं काय होतं?
शिवी कधी नाही. शिव्या मी द्यायचो.

अकराव्या दिवशी उठल्या आणि चालत पतसंस्थेत गेल्या,
गुळाच्या गाळ्यांमधून,
काउंटरमागे तासभर नुसत्या उभ्या.
किसन जगधने आला, खांद्यावर पोत्याचा भुसा,
अंगठ्याने पासबुक उलटत.
मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी
त्याने मुदतीआधी ठेव मोडली होती,
एकोणतीस फेब्रुवारीला.

बाई परत आल्या त्या जवळजवळ धावत.

रात्री सव्वानऊला सापडलं.
चार ओळी, चार वर्षांतून एकदाच जाग येणाऱ्या.
एका जागी अपूर्णांक वर ढकललेला,
दुसऱ्या जागी नुसता छाटलेला.
वर टिपण : सध्या चालेल, नंतर बघू.
पाच वर्षांपूर्वीची तारीख.
खाली आद्याक्षरं, हे. ख.

मी नजर दुसरीकडे वळवली.
"अगंबाई, ही तर मीच की!"
आणि अशा हसल्या
की खालच्या टायरवाल्या पोराने वर पाहिलं.
मग चार ओळी काढल्या, एक घातली,
आणि तिच्या वर सहा ओळींचं टिपण :
काय चुकलं, का चुकलं, कुणी चुकवलं.

धनावडे साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, झालं?
जगधनेला तो पैसा मिळाला,
त्याला ते कळलं असेल असं वाटत नाही.
बाईंनी उतरता भाव बघून कोथिंबिरीची जुडी घेतली.
कात्रजच्या स्टॉपवर मी शेवटी विचारलंच,
कशासाठी एवढं?
त्या काही म्हणणार होत्या.
बस आली.

आज दुपारी ऋजुता भोंडवे, रावेतची,
त्या छापील प्रश्नावर गप्पच बसली.
मी चारावर पेन टेकवलंसुद्धा.
"सर, ते नंतर सांगू?
तुमच्या तिसऱ्या गणितात यादी रिकामी आली
तर उत्तर चुकतंय. मघापासून तेच डोक्यात आहे."

तीन वर्षं तोच पेपर देतोय मी.

दाखव, म्हणालो,
आणि खुर्ची तिच्या बाजूला ओढली.